लॉरेन्स आणि ली : प्रतिपक्षाला न्याय

नाट्यलेखन ही एकट्याची साधना आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जेरोम लॉरेन्स (१९१५–२००४) आणि रॉबर्ट ई. ली (१९१८–१९९४) या अमेरिकन नाटककारांनी ती खोटी ठरविली. दोघेही ओहायो राज्याचे सुपुत्र. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ पडली. नभोवाणीसाठी लिहिता लिहिता जुळलेले हे सहलेखन जवळजवळ अर्धशतक टिकले. ‘आंटी मेम’ (१९५६) सारखी खळखळून हसविणारी कलाकृती त्यांनी दिली. परंतु त्यांच्या प्रतिभेचा स्थायीभाव एकच होता : माणसाच्या विचारस्वातंत्र्याची प्रतिष्ठा.

त्यांचे सर्वाधिक गाजलेले नाटक म्हणजे ‘इनहेरिट द विंड’. १९५५ च्या जानेवारीत ते डॅलस येथे आणि एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर आले. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल खटला भरण्यात आला होता. हाच नाटकाचा आधार. लेखकांचा रोख मात्र स्वतःच्या काळावर होता. सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशीसत्रांनी तेव्हा अमेरिकेत विचार करणेच संशयास्पद ठरविले होते.

हे नाटक श्रद्धेच्या विरोधात आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. नाटकाचे नावच मुळी बायबलमधील नीतिसूत्रांतून घेतलेले आहे. खटला संपल्यावर बचाव पक्षाचा वकील ड्रमंड बायबल आणि डार्विनचा ग्रंथ दोन हातांत तोलतो आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवून निघून जातो. मृत प्रतिस्पर्ध्याची टवाळी करणाऱ्या पत्रकारालाही तो खडसावतो. लेखकांचा विरोध आहे तो सक्तीला.

तरीही एक त्रुटी नजरेआड करता येत नाही. फिर्यादी पक्षाचा ब्रेडी हा विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यावरून बेतलेला आहे. नाटकातील ब्रेडी शंभर डॉलर्सचा दंड अपुरा म्हणून संतापतो. प्रत्यक्षात ब्रायन यांनी तो दंड स्वतः भरण्याची तयारी दाखविली होती. ब्रेडी न्यायालयातच कोसळतो. ब्रायन खटल्यानंतर पाच दिवसांनी झोपेत वारले. बलवानाने दुर्बळाला चिरडणे हा निसर्गनियम आहे, अशा शिकवणुकीची ब्रायन यांना वाटणारी भीती प्रामाणिक होती. तिला रंगमंचावर पुरेसा आवाज मिळत नाही. आपण इतिहास लिहीत नाही, असे लेखकांनी प्रास्ताविकात स्पष्ट केले आहे खरे. परंतु प्रेक्षक प्रास्ताविक वाचून नाट्यगृहात येत नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांचे हाडवैर आहे, एवढाच ग्रह घेऊन एखादा तरुण घरी परतला, तर हानी दोहोंची होते. पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधनाला वाव ठेवला होता आणि १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही केवळ एक अटकळ राहिलेली नाही, हे मान्य केले. ही तिसरी वाट नाटकात दिसत नाही.

लेखकद्वयाची पुढील वाटचाल पाहिली की समाधान वाटते. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत १९७० साली आलेल्या ‘द नाइट थोरो स्पेंट इन जेल’ मध्ये कर नाकारून तुरुंगात गेलेला थोरो आहे. त्याच्या सविनय कायदेभंगाच्या निबंधाचे महात्मा गांधींनीही मोल जाणले होते. हे नाटक ब्रॉडवेला वळसा घालून देशभरच्या लहान-मोठ्या रंगमंचांवर पोहोचविण्यात आले.

१९७८ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘फर्स्ट मंडे इन ऑक्टोबर’ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पहिली स्त्री न्यायमूर्ती आणि एक उदारमतवादी न्यायमूर्ती यांचा संघर्ष आहे. रूथ लूमिस परंपरानिष्ठ, म्हणजे लेखकांच्या वैचारिक कलाच्या विरुद्ध टोकाची. पण इथे तिला हास्यास्पद केलेले नाही. ती बुद्धिमान आहे, ठाम आहे, आणि प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करण्याइतकी समर्थ आहे. मतभेद मिटत नाहीत. आदर मात्र वाढतो. प्रत्यक्षात सॅन्ड्रा डे ओ’कॉनर यांची त्या पदी नेमणूक झाली ती १९८१ साली.

ब्रेडीपासून लूमिसपर्यंतचा हा प्रवास मला या जोडीची खरी कमाई वाटते. विचारस्वातंत्र्याचा पुकारा आपल्या मताच्या माणसासाठी करणे सोपे असते. विरोधकाच्या तोंडीही सर्वोत्तम वाक्य घालता येणे, ही नाटककाराची कसोटी आहे. आणि वाचकहो, घरात व धर्मग्रामात वाद घालताना तीच आपलीही आहे.