अर्ध्या काळ्या चेहऱ्याचा प्रश्न

राजकारण शिरले की कला बाटते, असे प्रस्थापित समीक्षा आपल्याला सांगत आली. तिच्यापुढे मी चीनमधील लाकडी ठशांची चळवळ ठेवू इच्छितो. मात्र या चळवळीचे नुसते गोडवे गाणे मला मान्य नाही.

ऑगस्ट १९३१ मध्ये लू शुन यांनी शांघायमध्ये तेरा तरुणांसाठी सहा दिवसांचा वर्ग भरवला. शिकवणारा जपानी, दुभाषाचे काम खुद्द लू शुन यांनी केले. साधने साधी: लाकूड, पटाशी, शाई, कागद. कोरून काढलेले पांढरे राहते, उरलेले काळे उमटते. एका ठशातून शेकडो प्रती निघतात आणि चित्र धनिकाच्या दिवाणखान्यातून सुटते. ली हुआ यांच्या १९३५ च्या ‘गर्जना कर, चीन’ या ठशात डोळे बांधलेला, खांबाला जखडलेला नग्न माणूस सुरीकडे हात नेतो. हा विद्रोह अस्सल आहे. तरीही हा माणूस म्हणजे देशाचे प्रतीक आहे, आणि प्रतीक चित्रकाराला उलटून बोलत नाही.

खरी कसोटी लागली येनानमध्ये. तेथे १९३८ साली लू शुन यांच्या नावाने कला अकादमी निघाली. तिच्यातले चित्रकार युरोपीय धाटणीने चेहऱ्यावर दाट रेघांची छाया देत. शेतकऱ्यांनी विचारले, माणसाचे तोंड अर्धे काळे का? गू युआन यांनी घटस्फोट मागणाऱ्या शेतकरी स्त्रीचे आपले चित्र १९४३ मध्ये नव्याने कोरले. छाया गेली, स्वच्छ बाह्यरेषा आली.

शेतकऱ्यांच्या त्या प्रश्नाला मी समीक्षा म्हणतो. ज्यांचे चित्र, त्यांनीच ते नाकारले होते.

परंतु १९४२ मध्येच माओंनी येनानच्या भाषणांत कलेला राजकारणाच्या अधीन केले होते. शेतकऱ्याचे ऐका, हा त्या भूमिकेचा एक अर्थ. त्याच्या वतीने पक्ष बोलेल, हा दुसरा. आणि पुढे तोच टिकला. सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६-७६) ठशांत आणि भित्तिपत्रकांत चेहरे उजळले, पण त्यांना प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही.

म्हणून केवळ लाल झेंडा कोरला म्हणून मी कोणत्याही चित्राला क्रांतिकारक म्हणणार नाही. आपल्या चळवळीची भित्तिपत्रके आणि मुखपृष्ठेही याच निकषावर तपासली पाहिजेत. वस्तीतल्या बाईने चित्र पाहून ‘ही मी नव्हे’ म्हटले, तर चित्रकाराने पटाशी पुन्हा हाती घ्यावी.