एरिअलवरचा माणूस

सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबच्या चौकात टेंभुर्णीकडे निघालेल्या वडापच्या जीपमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळत होती, तरी मी खालीच थांबलो. बॉनेटच्या कडेला एरिअलची काडी उभी होती आणि तिच्या शेंड्यावर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता. आकारानं लिंबापेक्षा मोठा, मोसंबीपेक्षा लहान. त्याला धड नव्हतं, धोतर नव्हतं, हातात छत्री नव्हती. तरीही नजर पडल्यावर ओळख पटायला क्षणही लागला नाही. ती इतक्या लवकर कशी पटली, याचाच विचार मी पुढं कितीतरी दिवस करत राहिलो.

मूळची वस्तू म्हणजे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा पिवळा फोमचा चेंडू. खालून भोक, समोर छापलेले दोन डोळे आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू. जीपच्या मालकांनी सगळ्यात आधी ते हसू घालवलं. नेलपॉलिश पुसायचं औषध लावून, कापसानं हळूहळू. माझ्या मते या कलाकृतीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ते छापील हसू कुणाचंच नसतं. ते गेलं तेव्हा चेंडू पहिल्यांदा गप्प झाला, आणि गप्प झाला म्हणूनच तो कॉमन मॅन होऊ शकला. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त काढलेला हा माणूस व्यंगचित्रातल्या गर्दीत, सभेत, मंत्र्यांच्या मागं नुसता उभा असतो. बोलायचं काम बाकीच्यांचं.

आता टक्कल पाहा. चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागाला जवळपास हातच लावलेला नाही. दुसऱ्या एखाद्या पात्रासाठी तिथं फेटा चढवावा लागला असता, मुकुट बसवावा लागला असता, केस चिकटवावे लागले असते. इथं चेंडूची गोलाई हेच टक्कल. पात्र आधी ठरवून ते चेंडूवर लादलं असं वाटत नाही. हातातल्या गोल वस्तूकडं बघता बघता तिच्यातला माणूस दिसला असावा. कातडीच्या रंगातही तोच समजूतदारपणा. पिवळ्यावर गव्हाळ रंगाचा हात इतका पातळ फिरवला आहे की उन्हात खालचा पिवळा झिरपतो. वर्तमानपत्रात हा माणूस आयुष्यभर काळ्या शाईत राहिला, त्यामुळं त्याचा वर्ण कोणता हे ठरवायचं स्वातंत्र्य करणाऱ्याला होतं. त्यांनी आपल्याकडच्या उन्हाचा वर्ण दिला.

कानांवरच्या पांढऱ्या केसांचे झुपके आणि मिशी यांच्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो.

“दादा, मिशी कशाची?”

“खताच्या पोत्याचा दोरा हाय. कापूस लावला हुता आधी, पावसात भिजून पार लोंबला. ह्यो सडत न्हाई.”

पोत्याचं तोंड शिवायचा तो पांढरा दोरा उसवून, त्याचे पीळ सोडून, बोटानं विंचरलेला. म्हणून मिशी रंगवलेली न वाटता उगवलेली वाटते. ती तोंडावर अशी उतरली आहे की खाली ओठ आहेत की नाहीत हा प्रश्नच उरत नाही. चष्मा बाइंडिंगच्या तारेचा, दोन वेटोळी आणि मध्ये नाकावर बारीक बाक. काचा नाहीत. भुवया मात्र चष्म्याच्या बऱ्याच वर, टकलाच्या हद्दीत गेलेल्या. या दोन रेघांवर सगळा चेहरा उभा आहे. त्या बोटभर खाली असत्या तर म्हातारा रागावलेला दिसला असता.

लक्ष्मण यांनीही सुरुवातीला भारतातली जनता दाखवायला नाना प्रांतांची, नाना वेशांची माणसं काढली होती. रोजच्या वेळेच्या धांदलीत ती एकेक गळत गेली आणि शेवटी चौकडीच्या कोटातला हा एकटा राहिला. करकंबच्या मालकांनी त्यातून आणखी कोट, धोतर, हातपाय वजा केले. तरीही माणूस शिल्लक आहे.

पूर्ण शिल्लक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कोटाची आठवण म्हणून चेंडूखाली काडीला लाल-पांढऱ्या चौकटीच्या फडक्याची पट्टी गुंडाळली आहे, ती मला खटकते. तो कोट वाटत नाही, गळ्यातला गमछा वाटतो. वाऱ्यानं पट्टी फिरली की गाठ पुढं येते आणि नजर चेहऱ्यावरून खाली घसरते. ज्याला एवढं गाळता आलं त्यानं हेही गाळायला हवं होतं.

काडीच्या टोकावर चेंडू बसवायची ही रीत अमेरिकेतली. तिथल्या युनियन ७६ या पेट्रोलच्या ब्रँडचे नारिंगी चेंडू १९६० च्या दशकात गाड्यांच्या एरिअलवर दिसू लागले. १९९५ मध्ये जॅक इन द बॉक्स या खाद्यगृहांच्या साखळीनं आपल्या जॅकचं टोपीवालं डोकं तसंच काढलं आणि लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. पण काठीवरच्या गोल वस्तूला माणूस करायला आपल्याला तिकडं जावं लागत नाही. ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूर जिल्ह्याच्या शिवारात हेच चालतं. फुटकं मडकं काठीवर पालथं घालायचं, चुन्यानं डोळे काढायचे, जुना सदरा चढवायचा. बेंदराला बैलाच्या शिंगांच्या टोकांना शेंब्या चढतात, पाडव्याला काठीवर तांब्या पालथा बसतो. आपल्याला उघडं टोक बघवत नाही. बुजगावण्याच्या मडक्याला फक्त दूरच्या पाखरांना भिववायचं असतं, म्हणून त्याचे डोळे मोठे आणि ढोबळ. हा चेंडू शेजारी उभ्या माणसानं वाचायचा आहे. तेवढ्यानं हात बारीक झाला.

एरिअलची लांबीही इथं कामाला येते. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी काडी ती नीट पकडते, म्हणून जुन्या गाड्यांवर पाऊण मीटरची लवचिक काडी असते. फोममधून वीज वाहत नाही, त्यामुळं आकाशवाणीच्या गाण्यांना या म्हाताऱ्याची अडचण नाही. नव्या गाड्यांच्या टपावर माशाच्या परासारखं आखूड एरिअल येतं, त्यावर काहीच बसत नाही. कॉमन मॅन वर्तमानपत्राबाहेर याआधीही आला आहे. एअर डेक्कन या विमान कंपनीनं त्याला आपल्या विमानांचं बोधचिन्ह केलं होतं. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि वरळीच्या समुद्राकाठी त्याचे पुतळे उभे आहेत. पुतळा उंच आहे, धातूचा आहे, पण तो हलत नाही.

हा हलतो. शेवटी मी आत बसलो, जीप सुरू झाली आणि इंजिनच्या थरथरीनं आधी नुसत्या मिशीला कंप सुटला. मग खड्डा आला तशी मान मागं गेली, भुवया आभाळाकडं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला, तेव्हा मालकांनी जीप पार कडेला घेऊन थांबवली. ट्रॅक्टर गाणी वाजवत, पाचट सांडत निघून गेला. जीप केव्हाच स्थिर झाली होती. काच नसलेल्या चष्म्यातून मागच्या ट्रॉलीकडं बघत तो मात्र अजून मान डोलावत होता.