डोकं बदललेला शिपाई

२८ मिलिमीटर मापाच्या प्लॅस्टिकच्या शिपायाचं डोकं वाटाण्याहूनही लहान असतं. तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. मग हातातल्या हत्याराकडे, मग बाकीच्या अंगाकडे. वॉरगेमिंगच्या बाहुल्यांमध्ये जे फेरफार केले जातात त्यांना छंदी मंडळी ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. त्यातला सर्वांत सोपा प्रकार डोकं बदलण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत बोलका प्रकारही तोच. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळातला केडियन शिपाई घ्या. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर चिलखत, हातात लेझर बंदूक, चेहऱ्यावर कवायतीचा कोरडेपणा. त्याची मान धारदार सुरीने कापायची. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मध्ययुगीन वळणाच्या खेळात ‘फ्लॅजेलंट’ नावाचे धर्मवेडे आहेत, स्वतःला फटके मारत रणांगणात उतरणारे. त्यांच्यापैकी एकाचं दाढी वाढलेलं, तोंड वासलेलं डोकं त्या मानेवर चिकटवायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. गणवेश तोच, बंदूक तीच, पण हा माणूस आता कोणाचा हुकूम ऐकतो आहे ते सांगता येत नाही. किंवा असंही वाचता येईल, की गणवेशाच्या आत तो पहिल्यापासून असाच होता.

हे दुसरं वाचन मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मूळ कलाकृतीबद्दल एक मत आहे. पुस्तकाचा समीक्षक मत लिहून मांडतो, इथे ते सुरीने आणि गोंदाने मांडलं जातं.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली ‘रोग ट्रेडर’ हे जाडजूड पुस्तक काढलं. लेखक रिक प्रीस्टली. काळ एकेचाळिसाव्या सहस्रकाचा. मानवजातीचं साम्राज्य आकाशगंगाभर पसरलेलं, आणि त्याचा सम्राट दहा हजार वर्षं एका यंत्र-सिंहासनावर ना जिवंत ना मृत असा बसलेला. त्याला तगवण्यासाठी रोज हजार माणसांचा बळी दिला जातो. विज्ञानाची पोथी झाली आहे; यंत्र चालू करायचं तर आधी त्याला धूप दाखवायचा. ‘२००० एडी’ साप्ताहिकातल्या जज ड्रेडच्या उपरोधिक कॉमिक्सची आणि थॅचरच्या काळातल्या ब्रिटनची छाप या सगळ्यावर स्पष्ट आहे. म्हणजे मुळात ही चेष्टा होती, काळीकुट्ट पण चेष्टाच. खेळणाऱ्याने प्लॅस्टिकच्या चौकटीवरून सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि टेबलावर फासे टाकत लढवायचे. बहुतेकांचा खरा वेळ फाशांत जात नाही, रंगवण्यात जातो.

रंगवण्याची एक अधिकृत रीत आहे. कंपनीच्या पदरी ‘एव्ही मेटल’ नावाचा चित्रकारांचा ताफा आहे. खोक्यांवर आणि ‘व्हाइट ड्वार्फ’ या कंपनीच्या मासिकात दिसतात ते नमुने त्यांचे. ही रीत ओळखायची खूण म्हणजे कडा. चिलखताच्या प्रत्येक कडेवर मूळ रंगाहून उजळ रंगाची केसाएवढी रेघ, तिच्या टोकांवर त्याहून उजळ ठिपका. निळा म्हणजे स्वच्छ निळा, लाल म्हणजे स्वच्छ लाल. डोळ्यांत पांढरा, त्यात बाहुली, आणि दोन्ही डोळे एकाच दिशेला बघणारे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत, तसाच मान इथेही डोळे रंगवणाऱ्याला आहे. या रीतीला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. दोन हात अंतरावरून टेबलावरच्या शंभर बाहुल्यांतली प्रत्येक वेगळी ओळखू यावी, यासाठी ती घडली आहे आणि ते काम ती चोख करते.

पण ती आणखीही एक काम करते, बहुधा नकळत. ज्याची चेष्टा करायची त्यालाच ती पॉलिश करून ठेवते. स्पेस मरीन म्हणजे लहानपणीच पळवून आणलेला, अवयव बसवून वाढवलेला, मनातून भीती पुसून टाकलेला सैनिक. कथेत तो भयानक आहे. खोक्यावर तो निळ्या चिलखतात चकाकणारा, सोन्याचा गरुड छातीवर मिरवणारा नायक दिसतो. चित्र आणि मजकूर यांत फारकत झाली की लोक चित्रावर विश्वास ठेवतात. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हांचे कपडे घालून आल्यावर गदारोळ झाला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढावं लागलं की हे साम्राज्य आदर्श नाही, ती हुकूमशाहीवरची टीका आहे, आणि द्वेष पसरवणाऱ्यांचं इथे स्वागत नाही. निवेदन योग्यच होतं. पण आपला विनोद हा विनोद आहे हे सांगायला ज्याला पत्रक काढावं लागतं, त्याने स्वतःच्या दुकानातली काचेची कपाटंही एकदा बघायला हवीत.

दुसरी रीत जॉन ब्लँचची. ब्लँच कंपनीचा अनेक वर्षं कला-दिग्दर्शक होता. २०२३ साली निवृत्त झाला. सिंहासनावरचा तो वाळलेला सम्राट लोकांच्या डोक्यात ज्या रूपात बसला आहे ते ब्लँचच्या चित्रातून आलेलं. त्याच्या चित्रांत पिवळट तपकिरी आणि वाळलेल्या रक्ताचा लाल, इतकेच रंग मुख्य. माणसं लाकडी पायांची, नळ्या लावलेली, डोक्यावर मेणबत्त्या बाळगणारी, कवट्या आणि कागदाच्या पट्ट्या अंगावर लटकवलेली. बॉशच्या नरकातून थेट रजेवर आल्यासारखी. ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये ‘ब्लँचित्सू’ नावाचं त्याचं सदर १९८०च्या दशकात होतं आणि २०१०च्या दशकात पुन्हा सुरू झालं. त्यात त्याने स्वतःच्या आणि समविचारी लोकांच्या मोडतोड केलेल्या बाहुल्या दाखवल्या. तिथे कडांवर रेघा नाहीत. तपकिरी पातळ रंगाचे हात एकावर एक, कधी ऑइल पेंट स्पिरिटमध्ये पातळ करून खळग्यांत सोडलेला, वर कोरड्या ब्रशचे खरखरीत फटकारे. डोळे बहुधा रंगवतच नाहीत, नुसते काळोखे खळगे राहू देतात. ज्या ताफ्यात डोळ्यांची आखणी ही प्रतिष्ठेची गोष्ट, तिथल्याच कला-दिग्दर्शकाने डोळेच सोडून द्यावेत, यात मला खोडी दिसते.

या रीतीला घर मिळालं ते छोट्या सैन्यात. २००१ साली कंपनीने ‘इन्क्विझिटर’ नावाचा खेळ काढला. त्यात सैन्य नाहीच. एक धर्म-तपासनीस आणि त्याचे तीन-चार साथीदार. बाहुल्या मोठ्या, ५४ मिलिमीटरच्या, धातूच्या. खेळ व्यापाराच्या दृष्टीने फार टिकला नाही. पण लोकांनी ती कल्पना उचलली आणि नेहमीच्या २८ मिलिमीटरच्या मापावर आणली. तिचं नाव ‘इन्क२८’. आठ-दहा बाहुल्यांची टोळी, प्रत्येकीला नाव, प्रत्येकीला भूतकाळ, आणि बाजारात जशीच्या तशी मिळणारी एकही नाही.

संख्येचा मुद्दा इथे कळीचा आहे. नेहमीच्या सैन्यात साठ-सत्तर-शंभर बाहुल्या लागतात. तितक्यांवर एकेक संध्याकाळ घालवणं नोकरदार माणसाला परवडत नाही. मग कारखान्यासारखं काम होतं: आज सगळ्यांचे बूट, उद्या सगळ्यांचे पट्टे. २०१९ साली आलेले ‘कॉन्ट्रास्ट’ रंग नेमके याच माणसासाठी आहेत. एक हात दिला की खळग्यात गडद आणि उंचवट्यावर फिका आपोआप. सोय मोठी आहे आणि ती वापरणाऱ्याला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण अशा सैन्यात बाहुली ही संख्या असते. साम्राज्य आपल्या माणसांकडे ज्या नजरेने बघतं, त्याच नजरेने खेळणाराही बघू लागतो. दहांच्या टोळीत तसं बघताच येत नाही. प्रत्येकाचा पाय कुठून आला हे तुम्हांला ठाऊक असतं.

पाय खरोखरच कुठून कुठून येतात. चांगली टोळी बघताना अर्धी मजा ते ओळखण्यात असते. कमरेखालचं अंग कुठल्या पिशाच्चाचं, पाठीवरचं ओझं रणगाड्याच्या संचातलं, हातातला धर्मदंड म्हणजे तोफेची नळी. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकचे बंदूकवाले आणि त्यांच्याहून मोठा वाघ आपण बिनदिक्कत मांडत आलो, त्यामुळे मराठी वाचकाला या सरमिसळीची वेगळी ओळख करून द्यायला नको. फरक इतकाच की इथे सांधा दिसता कामा नये. प्लॅस्टिकचा गोंद दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतो, पण धातू किंवा रेझिन जोडायचं तर मिलिमीटरभर भोक पाडून आत पितळी तारेचा तुकडा बसवावा लागतो. उरलेली फट ‘ग्रीन स्टफ’ने बुजवायची. निळी आणि पिवळी पट्टी सारख्या प्रमाणात मळली की हिरवी होणारी ही लांबी तास-दीड तास आकार घेते, मग घट्ट होत जाते. हत्यार ओलं ठेवलं नाही तर ती हत्यारालाच चिकटते. काहींनी या लांबीतून अख्खे अंगरखे घडवले आहेत. मला मात्र ती कमीत कमी वापरलेलीच कामं जास्त आवडतात. नवं शिल्प घडवणं ही वेगळी कला. कन्व्हर्जनची गंमत अशी, की शब्द दुसऱ्याचे ठेवून वाक्य आपलं करायचं.

आणि शब्द दुसऱ्याचे असल्यामुळेच भांडण आहे. सुरुवातीच्या काळात कंपनी स्वतःच लोकांना मोडतोड करायला शिकवत होती. डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करावा याची तिने छापलेली कृती आजही जुनी मंडळी प्रेमाने आठवतात. पुढे साच्यांचं तंत्र सुधारलं, आराखडे संगणकावर आले, आणि सगळंच विकत मिळू लागलं. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने चॅप्टरहाउस स्टुडिओज या, तिच्या बाहुल्यांसाठी जोड-भाग विकणाऱ्या छोट्या अमेरिकन व्यवसायावर शिकागोच्या न्यायालयात दावा लावला. २०१३ साली ज्युरीने संमिश्र निकाल दिला. काही मुद्द्यांवर कंपनी जिंकली, बऱ्याच मुद्द्यांवर हरली. त्यानंतरच्या वर्षांत जी बाहुली कंपनी विकत नाही तिचे नियमही छापायचे नाहीत, असं धोरण दिसू लागलं. आधी नियमांच्या पुस्तकात एखादं वर्णन असायचं आणि बाहुली तुमची तुम्ही करायची. ती मोकळी जागाच मिटली. आजच्या संचांतले अनेक शिपाई एकाच ठरलेल्या ढंगात जोडता येतात. अंगरख्याची घडी अर्धी छातीच्या भागावर, अर्धी पायाच्या भागावर, त्यामुळे छाती एकाची आणि पाय दुसऱ्याचे असं करायचं तर सुरीला चार पट काम. या बाहुल्या अतिशय सुंदर आहेत. त्यांच्यात वाचकाला भरायला मात्र काही शिल्लक ठेवलेलं नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे ब्लँचपंथी ते खरे कलावंत आणि बाकीचे कारकून. तसं नाही. गेल्या दहा वर्षांत या पंथाचंही खोकं झालं आहे. काळा अस्तर-रंग, वर तपकिरी वॉश, गंज, दोन मेणबत्त्या, एक कवट्यांची माळ, कपड्यांना चिंध्या: झालं ‘ग्रिमडार्क’. ‘ॲग्रॅक्स अर्थशेड’ या तपकिरी वॉशला छंदी लोक गमतीने बाटलीबंद प्रतिभा म्हणतात. या पंथातल्या कितीतरी बाहुल्या बघताना ती बाटलीच तेवढी दिसते. मळ ही काही टीका नव्हे. शिपायाला चिखलात लोळवलं की तो दुःखी दिसतो, पण कशामुळे दुःखी, हे चिखल सांगत नाही. ते त्या बदललेल्या डोक्याने, चुकीच्या हाताने, न शोभणाऱ्या ओझ्याने सांगावं लागतं. कंपनीनेही ही शैली ओळखली आहे. २०१५ मध्ये आलेले स्किटारी, पाय कापून यंत्र बसवलेले लाल अंगरख्यातले सैनिक, थेट ब्लँचच्या रेखाटनांच्या वाटेने आले आहेत. जे पूर्वी कापून-जोडून करावं लागे ते आता खोक्यात तयार, कडांवरच्या उजळ रेघांसकट.

घरोघरी आलेल्या रेझिन प्रिंटरने आणखी एक वळण दिलं आहे. डोकं आता पडद्यावरच बदलता येतं, हव्या त्या मापात, सांध्याशिवाय. काम सफाईदार होतं, पण मला त्यात एक उणीव जाणवते. प्लॅस्टिक कापताना वस्तू विरोध करते. खांदा नीट बसत नाही, म्हणून हात थोडा वर उचलला जातो, आणि त्या वर उचललेल्या हाताने बाहुली एकदम शपथ घेतल्यासारखी दिसू लागते. असे अपघात फाइलमध्ये होत नाहीत.

मला स्वतःला सध्या उत्सुकता आहे ती रंगांची. १९८० आणि ९०च्या दशकांतल्या बाहुल्या बघितल्या तर त्या भडक होत्या: पिवळंधमक चिलखत, झेंड्यांवर चेकचे पट्टे, आणि पायाखालचा तळ कुठल्याही ग्रहावर असो, हिरवागार. त्या भडकपणातच सर्कशीतला विदूषक हातात कुऱ्हाड घेऊन यावा तशी दहशत होती. तपकिरी वॉशखाली ती बुजून गेली. इन्क२८च्या पद्धतीने दहांची टोळी कापून-जोडून करायची, पण रंगवायची त्या जुन्या लाल-पिवळ्यात, डोळे आखून, हिरव्या तळांवर, असे प्रयत्न तुरळक दिसतात. त्यातल्या एकात एक धर्म-तपासनीस होता, शेंदरी अंगरख्यातला, गुलाबी गालांचा, अगदी खुशीत. त्याच्या पाठीवरच्या नळ्या मागे चाललेल्या दोन पोरांच्या मानेत जात होत्या, आणि त्या पोरांचे गाल पांढरे होते.