खोक्यावरचे जहाज आणि खोक्यातले जहाज

लाकडी जहाजाची प्रतिकृती बनवण्याचा तयार संच हाती आला, की आधी डोळ्यांत भरते ते खोक्यावरचे चित्र. फुगलेली शिडे, सोनेरी नक्षी, तोफांच्या खिडक्यांच्या एकाखाली एक रांगा. चित्राखाली बहुधा 'मूळ आराखड्यांवरून तंतोतंत' किंवा 'संग्रहालयाच्या दर्जाची' अशा अर्थाची एखादी ओळ असते. खोके उघडल्यावर निघतात प्लायवूडचे कापलेले तुकडे, लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडगी, धातूच्या ओतीव तोफा, बारीक कप्प्या, दोऱ्याची रिळे आणि घड्या घातलेले आराखडे.

इटली, स्पेन, ब्रिटन, अमेरिका अशा देशांतल्या कंपन्या हे संच काढतात. ते घेणाऱ्यांत दोन टोकांची माणसे भेटतात. काहीजण खोक्यावरच्या ओळीवर पूर्ण विश्वास टाकतात आणि तयार झालेल्या प्रतिकृतीला 'हुबेहूब' म्हणतात. काहीजण एखादी खिडकी दोन मिलिमीटर सरकलेली दिसताच सगळा संच निकालात काढतात. आम्हांला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. संचाची परीक्षा कशी करावी, हाच या लेखाचा विषय आहे.

विज्ञानाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आपण वर्गात प्रतिकृतींवरच शिकवतो. अणूची, हृदयाची, सूर्यमालेची. तारेवर टांगलेल्या सूर्यमालेत ग्रहांची अंतरे चुकीची असतात हे शिक्षकाला ठाऊक असते. विद्यार्थ्याला ते सांगितले नाही, तर ती अंतरे त्याच्या मनात तशीच बसतात. जहाजाचेही तेच होते. शाळेच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलेले 'कोलंबसाचे जहाज' मुले छायाचित्र पाहावे तसे पाहतात. ते मुळात किती माहीत आहे, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

प्रमाणाचे गणित

काही तडजोडी टाळताच येत नाहीत, आणि त्याबद्दल संचाला दोष देणे योग्य नाही. ब्रिटिश युद्धनौका 'व्हिक्टरी'चे उदाहरण घेऊ. तिच्या तोफांच्या खालच्या मजल्याची लांबी १८६ फूट, म्हणजे सुमारे ५६.७ मीटर आहे. १:७२ या प्रमाणात ती ७९ सेंटिमीटर होते. १ मीटर ६५ सेंटिमीटर उंचीचा खलाशी या जहाजावर २.३ सेंटिमीटरचा होईल. इथवर सगळे सोपे आहे.

आता तळाकडे पाहा. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून आणि शेवाळापासून रक्षण व्हावे म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकू लागले. पत्रा साधारण ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद, जाडी सुमारे १ मिलिमीटर. १:७२ वर त्याची लांबी १७ मिलिमीटर आणि रुंदी ५ मिलिमीटर येते. ते कापणे जमते. पण जाडी येते ०.०१४ मिलिमीटर. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे याच्या सातपट. तेव्हा संचातला पत्रा जाडच असणार. मात्र काही संचांतल्या पत्र्यांवर खिळ्यांची डोकी टपोऱ्या दाण्यांसारखी उठवलेली असतात. खऱ्या जहाजावर खिळे पत्र्याला जवळजवळ सपाट ठोकलेले असत. काही पावलांवरूनही ते नजरेत भरत नसत. दाणे उठवणे ही प्रमाणाची सक्ती नव्हे. ती शोभेसाठी केलेली निवड आहे, आणि तिच्यावर टीका करायला हरकत नाही.

कप्प्यांचेही असेच. एकच कप्पी, एकच तोफ अनेक जहाजांच्या संचांत वापरली, की खर्च वाचतो. पण ५ मिलिमीटरची कप्पी १:९८ या प्रमाणात ४९ सेंटिमीटरची होते. ती मोठ्या डोलकाठीच्या जड दोरांना शोभेल. लहानशा शिडाच्या दोरीला नाही. पट्टी आणि साधा गुणाकार एवढ्यावर ही तपासणी आठवीचा विद्यार्थीही करू शकतो. लाकडाचे रेषे मात्र कोणीच लहान करू शकत नाही. म्हणून बारीक पोताचे लाकूड चांगले. ठळक रेषांचे लाकूड दिसायला देखणे असले, तरी प्रमाण बिघडवते.

सांगाडा कोणता?

संचातल्या जहाजाचा सांगाडा म्हणजे प्लायवूडचा एक उभा कणा आणि त्यात खाचेने बसवलेले बहुधा दहा-पंधरा आडवे पडदे. त्यांवर पातळ पट्ट्या चिकटवतात. बऱ्याचदा एका थरावर दुसरा. खऱ्या युद्धनौकेत असे पडदे नसत. कण्याच्या जाड तुळईवर वाकड्या लाकडांचे तुकडे जोडून केलेल्या फासळ्या इतक्या जवळजवळ उभ्या करत, की जहाजाची भिंत बरीचशी भरीव होई. तेव्हा या प्रतिकृतीवरून जहाजाचा बाह्य आकार शिकता येतो. जहाज कसे बांधत, हे शिकता येत नाही. संचाने हे लपवले नाही, तर तक्रारीचे कारण नाही.

उलट, फळ्या बसवण्याच्या कामात हा संच फार चांगला शिक्षक ठरतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि पुढे नाळेकडे लहान असतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या ठेवल्या, तर त्या नाळेपाशी एकमेकींवर चढतात. प्रत्येक पट्टी निमुळती करावी लागते, हे हाताला पटते. नवशिका मग पट्टीचे टोक सुईसारखे करून मोकळा होतो. खरा सुतार तसे करीत नसे, कारण अणकुचीदार टोकाला खिळा मारला तर ते चिरते आणि तिथली फट बुजवलेली राहत नाही. तो दोन फळ्यांच्या जागी एक रुंद फळी बसवी. असे 'का' सांगणारी दोन वाक्ये संचाच्या पुस्तिकेत असली, तर तिचे मोल वाढते. अनेक पुस्तिकांत ती नसतात. पट्टी क्रमांक अमुक तिथे लावा, एवढेच असते.

पुरावा किती?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा. इथे तीन जहाजे शेजारी ठेवून पाहू.

पहिले, कोलंबसाचे 'सांता मारिया'. १४९२ च्या नाताळच्या रात्री ते आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ रुतले, आणि त्याच्या लाकडांतून किनाऱ्यावर एक गढी उभारली गेली. त्याचा आराखडा उपलब्ध नाही. कोलंबसाची मूळ रोजनिशीही हरवली आहे. लास कासास याने केलेला तिचा सारांश तेवढा उरला आहे. स्पेनमध्ये १८९२ आणि १९२९ मध्ये या जहाजाच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बांधल्या, त्या एकमेकींसारख्या नव्हत्या. २०१४ मध्ये हैतीजवळ या जहाजाचे अवशेष सापडल्याचा दावा झाला. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा तिथे तांब्याचे किंवा काशाचे खिळे आढळले. ती बांधणी सतराव्या शतकाच्या अखेरची किंवा अठराव्या शतकातली. दावा तिथेच संपला. तेव्हा 'सांता मारिया'चा कोणताही संच 'तंतोतंत' असूच शकत नाही. तो त्या काळच्या चित्रांवरून आणि इतर जहाजांवरून बांधलेला अभ्यासू अंदाज असू शकतो.

दुसरे, स्वीडनचे 'वासा'. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन ते स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले. २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर काढले, तेव्हा बहुतांश शाबूत होते. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारे असल्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथे टिकत नाही. इथे तर प्रत्यक्ष जहाजच समोर आहे. मग शंकेला जागा कुठे? पण आहे. नक्षीमागचा रंग निळा असावा, असे सुरुवातीला मानले जाई, आणि त्या काळातल्या प्रतिकृती निळ्या-सोनेरी झाल्या. पुढे लाकडावर उरलेल्या रंगाच्या सूक्ष्म कणांची तपासणी झाली आणि तो रंग लाल ठरला. निळी प्रतिकृती करणारा निष्काळजी नव्हता. तो त्याच्या काळच्या ज्ञानाला धरून होता. ज्ञान बदलले.

'वासा'ची आणखी एक गंमत आहे. जहाजावर सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही स्वीडिश फुटाच्या, १२ इंचांच्या; काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, ११ इंचांच्या. दोन्ही फूट मुळात सारख्या लांबीचे नव्हते. जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. संचातले पडदे मात्र यंत्राने कापलेले, दोन्हीकडे अगदी समान. म्हणजे निर्दोष समतोलाची प्रतिकृती ही मूळ जहाजापेक्षा वेगळी प्रतिकृती!

तिसरे, 'व्हिक्टरी'. हे १७६५ मध्ये पाण्यात उतरले, १८०५ मध्ये ट्राफल्गारला लढले आणि १९२२ पासून पोर्ट्‌समथच्या कोरड्या गोदीत आहे. आराखडे आहेत, कागदपत्रे आहेत, जहाजही आहे. तरी प्रश्न उरतो: कोणत्या वर्षीचे 'व्हिक्टरी'? १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत मागच्या उघड्या सज्ज्या बंद केल्या आणि नाळेवरचा भपकेबाज पुतळा काढून साधा बसवला. पुढे लाकडी डोलकाठ्यांच्या खालच्या भागांच्या जागी लोखंडी आल्या. रंगांच्या थरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये जहाज पुन्हा रंगवले, तेव्हा सवयीचा गडद पिवळा जाऊन फिकट छटा आली. खोक्यावर 'ट्राफल्गार, १८०५' असे छापून आत संग्रहालयातल्या जहाजाची नक्कल दिली, तर ते दोन वेगळ्या काळांचे मिश्रण होते.

आराखडा हाच अंतिम पुरावा, असेही मानू नये. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या हाती पडले आणि नष्ट झाले. नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. म्हणून तिच्याबाबतीत कागद आणि जहाज ताडून पाहता येते. ही सोय बहुतेक जहाजांच्या बाबतीत नाही.

मग दोष कुठे?

सतराव्या-अठराव्या शतकांत ब्रिटिश नौदलासाठी १:४८ प्रमाणात उत्तम प्रतिकृती होत असत. त्यांतल्या अनेकींचा तळ फळ्यांविना उघडा ठेवलेला आहे. पण आत दिसणारी फासळ्यांची रचना खऱ्या जहाजासारखी नाही. ती ठरावीक, शोभिवंत पद्धतीची आहे. म्हणून त्यांना कोणी खोटे म्हणत नाही. पाहणाऱ्या जाणकारांना तो संकेत माहीत होता.

आमच्या मते संचाच्या परीक्षेची कसोटी इथेच सापडते. प्रतिकृतीत चूक असणे, तडजोड असणे, अंदाज असणे हा दोष नाही. कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता अंदाजाचा, हे न सांगणे हा दोष आहे. ज्या पुस्तिकेत 'या जहाजाचे मागचे नक्षीकाम माहीत नाही; आम्ही ते समकालीन जहाजावरून घेतले' असे एक वाक्य असेल, तो संच आम्ही 'तंतोतंत' म्हणवणाऱ्या संचापेक्षा वर ठेवू, त्याच्या तोफा थोड्या ओबडधोबड असल्या तरी.

घेणाऱ्याच्या अपेक्षांबद्दलही बोलले पाहिजे. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेला शेकडो तास लागतात. पहिल्याच वेळी ती घेतली, तर ती अर्धवट राहण्याची शक्यता मोठी. शाळेने एका डोलकाठीच्या लहान होडीपासून सुरुवात करावी. तिच्यातही निमुळत्या पट्ट्या आहेत, कप्प्या आहेत, सुकाणू आहे.

वर्गात करण्यासारखे

प्रतिकृती तयार झाली, की विद्यार्थ्यांकडून तिच्या शेजारी ठेवायचा एक तक्ता करून घ्यावा. तक्त्यात चार रकाने असावेत: प्रत्यक्ष अवशेषांवरून कळलेले, आराखडा किंवा कागदपत्रांवरून कळलेले, त्या काळच्या इतर जहाजांवरून धरलेले, आणि संचाच्या सोयीसाठी केलेले. कण्यापासून शिडापर्यंत प्रत्येक भाग यांपैकी एका रकान्यात बसवायचा. प्रमाणाने गुणून कप्प्या, कठडे, तोफा तपासायच्या आणि जे जुळत नाही ते शेवटच्या रकान्यात लिहायचे. जहाजाचे वर्ष ठळक अक्षरांत लिहायचे. तिसरा रकाना लांबला, तर मुलांनी खट्टू होऊ नये. 'सांता मारिया'च्या तक्त्यात तो लांबणारच. तो रिकामा दिसला, तर मात्र शिक्षकांनी तक्ता परत द्यावा आणि पुन्हा शोधायला सांगावे.