दौलताबादच्या हौदाची गोष्ट मुलांना कशी सांगायची?

खुलताबादचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला एक कबर आठवते. फार तर भद्रा मारुती, आणि घाट उतरलं की वेरूळ. आमच्या गावाभोवती इतिहास इतका दाटीवाटीनं पडलाय की त्यातलं मुलांना काय सांगायचं आणि काय नाही, हे बहुतेक वेळा त्या वर्षीच्या बातम्याच ठरवतात. मला इथं एका वेगळ्या प्रसंगाबद्दल लिहायचंय. तो घडला १९३४ मध्ये, खुलताबादहून दहा-बारा किलोमीटरवर, दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात. प्रसंगाइतकंच मला तो ज्या पुस्तकात आहे त्याबद्दल बोलायचंय. मुलांना समतेची चळवळ साहित्यातून शिकवायची असेल तर आपल्याकडं याहून चांगली सुरुवात नाही, असं माझं मत आहे.

पुस्तकाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी, अगदी थोड्या पानांच्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये पुस्तिका काढली, १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात त्या आल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हा मजकूर अभ्यासाला असतो. आपल्याला तो मोबाइलवर तासाभरात वाचून होतो.

चहा नंतर घेऊ

बाबासाहेब आणि चळवळीतले काही सहकारी सहलीला निघालेत. वेरूळची लेणी बघायचीच असं ठरलंय. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. वाटेत आपली ओळख सांगायची नाही, हेही आधीच ठरलंय. दौलताबादला मात्र लोकांना कळवलेलं असतं. ते गावाबाहेर वाट बघत थांबलेत, आधी चहा घ्या म्हणतात. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचाय. चहा परतताना घेऊ, असं सांगून मंडळी पुढं जातात.

किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेला हौद. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले. काही जण हात-पाय-तोंड धुतात आणि दारावर परवानगी घ्यायला जातात. तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत येतो, की यांनी हौद बाटवला. रमजानचा महिना. गर्दी जमते, शिव्या सुरू होतात. पाहुण्यांना, आणि त्यांना हे आधी न सांगणाऱ्या गावातल्या दलितांनाही. शेवटी बाबासाहेब त्यांना विचारतात, की आमच्यातला एखादा उद्या मुसलमान झाला तर त्याला या हौदावर अडवाल का? गर्दी गप्प होते. मग पहारेकऱ्याकडून वर निरोप जातो, आत जायची परवानगी मिळते. अट एकच, किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर नजर ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई.

यात कुणी जिंकलं? वादात बाबासाहेब जिंकले. दार उघडलं, पण शिपाई सोबत आला. मुलांच्या गोष्टीला असा शेवट देण्याचं धाडस आपण सहसा करत नाही.

हॅपी पाथ

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘हॅपी पाथ’ म्हणतात. सगळं नीट झालं तर प्रोग्राम कसा चालेल तो रस्ता. नवा मुलगा तेवढंच तपासतो आणि चाललं म्हणून सांगतो. मी लहानपणी वाचलेली बाबासाहेबांची बालचरित्रं आठवली की मला तोच शब्द सुचतो. १८९१ मध्ये महूला जन्म, वर्गात वेगळं बसावं लागलं, दिव्याखाली अभ्यास, परदेशी पदव्या, मग संविधान. यातलं खोटं काहीच नाही. पण वाचून मुलाच्या डोक्यात जे गणित बसतं ते असं: अन्याय होता, त्यांनी भरपूर अभ्यास केला, अन्याय संपला. अन्याय करणाऱ्याला नाव नाही, तो ‘त्या काळचा समाज’. उपाय एकट्यानं करायचा. आणि आज कुणाच्या वाट्याला अन्याय येत असेल, तर त्याचा अभ्यास कमी पडला असणार.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची सुरुवातच हे गणित मोडते. नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरतात. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला आहेत, सुट्टीत त्यांच्याकडं जायचंय. मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशात पैसे. स्टेशनमास्तर प्रेमानं चौकशी करतो. मुलं जात खरी सांगतात आणि त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं देऊ म्हटलं तरी बैलगाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एक जण तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं पायी चालणार. डब्यात जेवण भरपूर आहे, प्यायला पाणी मिळत नाही.

मुलांजवळ काय नव्हतं? कपडे होते, पैसे होते, चांगलं वळण होतं. ‘गरिबीतून वर आले’ या साच्यात ही गोष्ट बसतच नाही. हे आठवी-नववीच्या मुलाला एकदा समजलं, की आरक्षणावरच्या निम्म्या वादांना तो वेगळे प्रश्न विचारू लागतो.

रोझा पार्क्स दमल्या नव्हत्या

ही खोड एकट्या मराठीची नाही. अमेरिकेत १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. मुलांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं काय सांगितलं गेलं? की दिवसभर शिवणकाम करून एक बाई दमली होती, म्हणून उठली नाही. हर्बर्ट कोल या शिक्षणावर लिहिणाऱ्या लेखकानं अशा पुस्तकांची चिरफाड केली. पार्क्स तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत अनेक वर्षं चिटणीस होत्या, त्याच उन्हाळ्यात कार्यकर्त्यांच्या शिबिरालाही जाऊन आल्या होत्या. नऊ महिने आधी त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीनं जागा सोडायला नकार दिला होता. पार्क्सच्या अटकेनंतर जो अ‍ॅन रॉबिन्सन या शिक्षिकेनं रातोरात हजारो पत्रकं छापून घेतली. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. हे सगळं काढून टाकलं की दमलेली बाई तेवढी उरते, आणि चळवळ हा योगायोग वाटायला लागतो.

आता महाडचं चित्र आठवा. चवदार तळं आणि ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब. तारीख २० मार्च १९२७. चित्र सुंदर आहे, पण त्याच्या अलीकडं-पलीकडं काय होतं? सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. कागदावर सगळं होतं, प्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. परिषद भरवण्यासाठी रा. बा. मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस असे लोक राबले. पाणी प्यायल्यावर मारहाण झाली. मग कोर्ट. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे दहा वर्षांनी.

हे मुलांना जड जाईल असं मोठ्यांना वाटतं. पण ग्राउंडवर ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी असून मोठी पोरं खेळू देत नाहीत, हे कुठल्या मुलाला माहीत नाही?

विंचवाच्या नांगीचे फुगे

‘भीमायन’ हे २०११ चं चित्रमय पुस्तक याबाबतीत बरंच पुढं आहे. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. पाणी, निवारा, प्रवास असे तीन भाग, आणि आधार मुख्यतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चाच. पानांवर चौकोनी चौकटी नाहीत, गोंड नक्षीच पान विभागते. बसस्टॉपवर आजच्या काळातली दोन माणसं आरक्षणावर बोलत असतात आणि त्यातून जुनी गोष्ट उलगडते. त्यामुळं ‘तेव्हा होतं, आता नाही’ ही पळवाट बंद होते.

माझी एकच तक्रार आहे. या पुस्तकात मायेनं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि दुखावणारे शब्द विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. कल्पना देखणी आहे. पण वाक्य वाचायच्या आधीच ते विषारी आहे हे मुलाला कळतं. मूळ मजकुरात तसं नाही. मसूरचा स्टेशनमास्तर आधी खरोखर चांगला वागतो. तो माणूस अचानक असा का बदलला, हा धक्का भीमरावला बसतो तसाच वाचणाऱ्यालाही बसायला हवा. दुखावणारी माणसं एरवी प्रेमळ असू शकतात, त्यात आपलीही असू शकतात, हे नांगीच्या फुग्यातून निसटतं.

एकच प्रकरण फॉरवर्ड केलं तर

आता या पुस्तकातली खरी अडचण. दौलताबादचा प्रसंग तेवढा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर त्याचं काय होईल, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. हौद बाटला म्हणणारे मुसलमान होते, बस, एवढंच पुढं जाईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गल्लीतल्या सात-आठ मुलांना हा भाग मराठीत सांगत वाचून दाखवला. त्यात सगळ्या घरांतली मुलं होती. एक लगेच दुसऱ्याला म्हणाला, बघ, तुमचेच होते. तो दुसरा काही रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, पण आमच्यात तर सगळे एकाच हौदावर वजू करतात. म्हणजे बाबासाहेबांचा प्रश्न त्यानं स्वतःच्या शब्दांत परत मांडला, गर्दीच्या बाजूचा समजला गेलेला असूनही. मग मी मसूरची गोष्ट वाचली. मघाशी बोट दाखवणारा गप्प झाला. सगळ्यात धाकटीनं विचारलं, मग परत येऊन ते चहा प्यायले का? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

म्हणूनच हे पुस्तक तुकड्यांत देऊ नये. त्यात बडोद्याच्या धर्मशाळेतून बाबासाहेबांना हुसकावणारे पारशी आहेत, आसरा नाकारणारा ख्रिस्ती मित्र आहे, हिंदू तर पानोपानी आहेत. चाळीसगावच्या प्रकरणात टांगेवाला महाराचा टांगा हाकायला तयार नसतो, आणि पाहुण्यानं पायी जाऊ नये म्हणून त्यांचेच लोक टांगा न हाकलेल्या माणसाच्या हाती लगाम देतात. टांगा उलटतो, बाबासाहेब जबर जखमी होतात. कुणालाही ‘आम्ही त्यातले नाही’ म्हणून सुटता येणार नाही, अशी या पुस्तकाची बांधणी आहे. मिश्र वस्तीच्या गावात मुलांना द्यायला म्हणूनच ते योग्य आहे. एक प्रकरण भांडण लावतं, सगळं पुस्तक ते मिटवायला बसवतं.

जर-तरचा प्रश्न

दौलताबादला गर्दी गप्प झाली ती एका प्रश्नामुळं. असाच प्रश्न मराठीत त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी एका मुलीनं विचारला होता. मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्मग्रंथ फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. जर हे खरं, तर ते कसं? तर्काची तीच रीत.

चळवळीचं साहित्य मुलांना द्यायचं ते ही रीत शिकायला. नायकाच्या पाया पडणं दोन मिनिटांत शिकवता येतं. समोरच्याचंच म्हणणं उचलून त्याला प्रश्न विचारणं शिकायला असे उतारे लागतात. आणि मुक्ताचा निबंध तर मुलांच्याच वयाच्या मुलीनं लिहिलेला आहे.

आपलं १९७८

शेवटी एक मागणी. ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची १९९५ ची कादंबरी आहे, वॉटसन कुटुंब बर्मिंगहॅमला जातं त्याची. सांगणारा केनी दहा वर्षांचा. थोरला भाऊ थंडीत गाडीच्या आरशाला ओठ चिकटवून बसतो, असल्या गमतींवर अर्धी कादंबरी जाते. आपण हसत असतो आणि मग १९६३ च्या सप्टेंबरात चर्चमध्ये बॉम्ब फुटतो. त्यात चार मुली गेल्या, हा खरा इतिहास. तोवर आपण त्या घरातले झालेले असतो.

मराठवाड्याकडं अशा कादंबरीचं सगळं सामान आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं एका नावासाठी. माझे वडील १९७८ मध्ये आठ वर्षांचे होते. त्यांना मारामारी आठवत नाही. काही दिवस शाळेत पाठवलं नाही, आणि रात्री आजी कंदील लवकर विझवायची, एवढंच आठवतं.

कंदील का विझवायचा, हे न कळणाऱ्या मुलाच्या नजरेतून ती सोळा वर्षं लिहिलेली मला वाचायची आहेत. त्यात सूरपारंब्या असाव्यात, जत्रा असावी, मास्तरांची नक्कल असावी, आणि रोज एकत्र शाळेत जाणारा मित्र एक दिवस बोलवायला न येणं असावं. तेव्हा मुलं असलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, आपल्या घरांत, गल्लीत बसलेली आहेत. विचारलं तर सांगतात. ज्यांना लिहिता येतं त्यांनी आता विचारायला बसायला हवं.