अंबानगरी, आंबेजोगाई व मोमिनाबाद

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई निजामी अमदानींत सरकारी दप्तरीं ‘मोमिनाबाद’ म्हणून नोंदलें जात असे. हैद्राबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी तेथें असल्यामुळें इंग्रजी कागदांतहि तें नांव रुळलें. लोकांच्या तोंडीं मात्र ‘जोगाईचें आंबें’च राहिलें, १९४८ त निजामी राजवट संपल्यावर जुनें नांव दप्तरांतहि परतलें. एवढ्यापुरता वाद नाहीं.

वाद आहे तो मुकुंदराजाच्या विवेकसिंधूंतील ‘अंबानगरी’विषयीं. ही नगरी म्हणजे आंबेजोगाईच, असें आमच्या प्रांतीं गृहीत धरतात. मुकुंदराजाची समाधि येथें दाखवितात, दासोपंतांची पासोडी येथें आहे, खोलेश्वराच्या घराण्याचे शके ११५० व ११६२ चे लेखहि येथलेच. परंतु या तिहींपैकीं एकहि प्रमाण प्रस्तुत प्रश्नास लागू पडत नाहीं. समाधीनें परंपरा सिद्ध होते, रचनास्थळ नव्हे. दासोपंत (१५५१-१६१५) फार मागाहूनचे. लेखांवरून सिंघण यादवाच्या काळचें स्थळाचें वैभव कळतें, इतकेंच.

जैत्रपाळ हा देवगिरीचा यादव, सबब नगरीहि यादवांची, हा युक्तिवाद याहून दुबळा आहे. ग्रंथाचा काल शके १११० सांगतात. त्या वर्षीं देवगिरीस भिल्लम राज्य करीत होता. शिवाय ग्रंथांतील जैत्रपाळ बल्लाळाचा पुत्र, यादव जैत्रपाळ भिल्लमाचा. उलटपक्षीं, वैनगंगेचा निर्देश करणारा पाठ नागपूर जिल्ह्यांतील आंभोऱ्यास अनुकूल आहे. तें गांव त्याच नदीच्या कांठीं आहे, आंबेजोगाईंतून वाहते ती जयंती.

म्हणून निर्णय आंभोऱ्याकडे लागला, असेंहि नव्हे. उपलब्ध पोथ्या रचनाकालाहून फार उत्तरकालीन आहेत, आणि स्थलकालाच्या ओव्या सर्व पोथ्यांत सारख्या नाहींत. अर्थात् निर्णय पाठांवर अवलंबून आहे. आणि पाठ पोथीसंग्राहकांच्या हातीं आहेत.

येथेंच आमची तक्रार आहे. सूची करतांना कित्येकजण पोथींतील ‘अंबानगरी’ किंवा ‘आंबें’ खोडून ‘आंबेजोगाई’ असें शुद्ध रूप लिहितात. हें शुद्धीकरण नव्हे, पुराव्याचा लोप आहे. पोथींतील नांव अक्षरशः उतरावें, नदीचें नांव असल्यास तेंहि तसेंच द्यावें, आणि आपला तर्क निराळ्या रकान्यांत लिहावा. आंबेजोगाईचें माहात्म्य योगेश्वरीनें, दासोपंतांनीं व शिलालेखांनीं पुरेसें सिद्ध आहे. त्यासाठीं आद्य ग्रंथकाराचें गांव गृहीत धरण्याचें कारण नाहीं.