शिखरावरील मठ आणि कादंबरींतील वास्तु

उंबेर्तो इको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १९८० सालीं इटालियन भाषेंत प्रसिद्ध झाली. आपल्याकडील बहुतेकांनीं ती १९८३ च्या इंग्रजी भाषांतरांतूनच वाचली असेल. तींतील खुनांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला येथें बोलावयाचें आहे तें तींतील मठाविषयीं.

मठ कल्पित खरा. पण त्याचें बीज पीदमाँत प्रांतांतील साक्रा दि सान मिकेले या मठांत आहे, असें सर्वत्र मानलें जातें. आल्प्समध्यें, सूसा खोऱ्याच्या मुखाशीं, ९६२ मीटर उंचीच्या शिखरावर तो उभा आहे. शिखराचा खडक तेथील गवंड्यांनीं इमारतीच्या पोटांतच घेतला. ‘मृतांचा जिना’ चढतांना तो खडक भिंतींतून पुढें येतो, आणि डोंगर कोठें संपला व कारागिरी कोठें सुरू झाली हें सांगतां येत नाहीं.

कादंबरींतील ग्रंथागाराची इमारतही उत्तरेकडून कड्यांतूनच उगवल्यासारखी आहे. इतकें साक्राचें ऋण. पण तिचा अष्टकोनी भास पाहून निवेदकाला आठवतो तो दक्षिण इटलींतील कास्तेल देल मोंते हा किल्ला. म्हणजे धड डोंगराचें व शिर भूमितीचें. हा सांधा बाहेरून निःसंशय जुळला आहे. आंत मात्र, ५६ दालनांच्या त्या चक्रव्यूहांत, आपण कड्याच्या माथ्यावर आहों हें वाचक पार विसरतो. भिंतींच्या फटींतून घुमणारा वारा एवढाच काय तो डोंगराचा स्पर्श. हा दोष मला दुसऱ्या वाचनांत फार जाणवला.

पुढें इको यांचें या कादंबरीवरील टिपण वाचनांत आलें. डोंगर त्यांनीं शोभेसाठीं निवडलाच नव्हता! कथेला डुकराच्या रक्ताचें पिंप हवें होतें. डुकरें मारतात कडक थंडींत. कथा तर १३२७ च्या नोव्हेंबरांतली. इतक्या लवकर बर्फ पडावें म्हणून मठ उंचावर न्यावा लागला. रसिकांस हा खुलासा रुक्ष वाटेल. मला तो आवडला. नकाशा पुढें ठेवून, पात्रांना भोजनगृहापासून ओवरीपर्यंत चालण्यास लागेल तितकाच संवाद लिहिणाऱ्या लेखकाला तो शोभतो.

१९८६ च्या चित्रपटानें एका मजल्यावरील हा चक्रव्यूह उभा करून जिन्यांवर जिने चढविले. देखावा भव्य खरा. पण वाट चुकण्याची भीति गेली, आणि पडण्याची आली.

जानेवारी २०१८ मध्यें खऱ्या साक्राच्या छपराला आग लागली. ती विझली, आणि मठ वांचला. कादंबरींतला तीन दिवस व तीन रात्री जळत होता.